पेन ड्राइव्हसाठी योग्य फाइल सिस्टीम कशी निवडावी

पेन ड्राइव्हमध्ये ५० जीबी जागा मोकळी दिसत असते, लग्नाच्या व्हिडिओची फाइल जेमतेम ६ जीबीची असते, आणि तरीही कॉपी करताना विंडोज ‘फाइल फार मोठी आहे’ असे सांगून थांबते. दुसऱ्या घरी तोच व्हिडिओ संगणकावर व्यवस्थित चालतो, पण ड्राइव्ह टीव्हीला लावला की टीव्हीला तो दिसतच नाही. तिसऱ्या ठिकाणी मॅकवर ड्राइव्हमधल्या सगळ्या फाइली उघडतात, मात्र नवी एकही फाइल त्यात टाकता येत नाही. अशा वेळी ड्राइव्ह खराब निघाला असे समजून अनेक जण दुकानदाराकडे परत जातात. वास्तविक या तिन्ही प्रसंगांत ड्राइव्ह धडधाकट असतो. चुकलेली असते ती त्यावरची फाइल सिस्टीम, आणि ती बदलणे हे घरच्या घरी थोड्या वेळात होणारे काम आहे.

सर्वांत चांगली फाइल सिस्टीम कोणती, या प्रश्नाला पेन ड्राइव्हच्या बाबतीत फारसा अर्थ नाही. संगणकाच्या आतली डिस्क आयुष्यभर एकाच यंत्रात राहते, त्यामुळे तिथे वेग, सुरक्षितता आणि आधुनिक सोयी पाहून निवड करता येते. पेन ड्राइव्ह मात्र हातोहात फिरतो: आज झेरॉक्सच्या दुकानात, उद्या गाडीच्या म्युझिक सिस्टीमला, परवा भावाच्या मॅकबुकला. म्हणून त्याची फाइल सिस्टीम ठरवताना दोनच गोष्टी आधी पाहाव्यात. तो ज्या ज्या उपकरणांना लावला जाणार आहे, त्यांतले सर्वांत जुने किंवा सर्वांत मर्यादित उपकरण काय वाचू शकते, ही पहिली. आणि त्यात ठेवायची सर्वांत मोठी एकटी फाइल किती आकाराची आहे, ही दुसरी. या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली की बहुतेक वेळा निवड आपोआप होते.

फाइल सिस्टीम म्हणजे काय, ते थोडक्यात

पेन ड्राइव्हच्या चिपमध्ये केवळ माहितीचे तुकडे साठवलेले असतात. कोणते तुकडे मिळून कोणती फाइल होते, तिचे नाव काय, ती कधी बदलली आणि कोणती जागा रिकामी आहे, याची नोंदवही म्हणजे फाइल सिस्टीम. शेतजमीन शिवारात असली तरी कोणता गट कोणाचा हे जसे तलाठ्याच्या दप्तरावरूनच कळते, तसेच हे आहे. दप्तर कोणत्या पद्धतीने लिहिले आहे ते समोरच्या उपकरणाला वाचता आले नाही, तर आतला मजकूर शाबूत असूनही त्याच्या लेखी ड्राइव्ह कोरा असतो.

पहिली पायरी : उपकरणांची यादी आणि मोठ्यात मोठी फाइल

कागद घेऊन खरोखर यादी करावी, कारण आठवणीतून एखादे उपकरण निसटते आणि नेमके तेच अडवते. विंडोजचा संगणक, मॅक आणि लिनक्स हे सहज आठवतात. पण टीव्ही, गाडीची म्युझिक सिस्टीम, भजनाच्या कार्यक्रमाला वापरला जाणारा स्पीकर, सोसायटीच्या सीसीटीव्हीचा डीव्हीआर, दुकानातला प्रिंटर आणि ओटीजी जोडणीने लावला जाणारा फोन यांचाही विचार करावा. अशा उपकरणांतले सॉफ्टवेअर विकत घेतले त्या दिवशी जसे असते, बहुधा तसेच शेवटपर्यंत राहते. दहा वर्षांपूर्वीच्या संगणकाला नवी फाइल सिस्टीम शिकवता येते, दहा वर्षांपूर्वीच्या कार स्टिरिओला नाही.

प्रत्येक उपकरणासमोर ‘फक्त वाचायचे’ की ‘लिहायचेही’ असा शेरा मारावा. टीव्हीला बहुधा वाचता आले तरी पुरते, डीव्हीआरला मात्र चित्रण ड्राइव्हवर लिहायचे असते. शक्य असेल तिथे उपकरणाच्या माहितीपुस्तिकेत यूएसबीविषयीचे पान काढून कोणत्या फाइल सिस्टीमची नावे दिली आहेत ते पाहावे. तेथे काहीच लिहिलेले नसेल, तर केवळ फॅट३२ चालेल असे धरून चालणे सुरक्षित.

फॅट३२ : सगळीकडे चालणारी, पण ४ जीबीच्या भिंतीची

फॅट३२ ही १९९६ मध्ये विंडोज ९५ च्या सुधारित आवृत्तीबरोबर आली. इतकी जुनी असूनही ती टिकून आहे, कारण तिची रचना साधी आहे आणि यूएसबीचे भोक असलेले जवळपास प्रत्येक उपकरण ती वाचते. गाडी, टीव्ही, स्पीकर, डीव्हीआर, प्रिंटर, जुना संगणक यांपैकी एकही उपकरण यादीत असेल, तर पहिला विचार फॅट३२ चाच करावा.

तिची मुख्य मर्यादा म्हणजे एका फाइलचा आकार. फॅट३२ मध्ये प्रत्येक फाइलच्या नोंदीत तिचा आकार लिहिण्यासाठी ३२ बिटांचीच जागा ठेवलेली आहे, आणि ३२ बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या ४,२९,४९,६७,२९५ आहे. म्हणजे ४ जीबीला एक बाइट कमी, एवढ्यावर फाइल गेली की तिची नोंदच करता येत नाही. ड्राइव्ह १२८ जीबीचा असला तरी त्याने काही फरक पडत नाही. कॅमेरा प्रतिसेकंद ५० मेगाबिट या दराने चित्रण करत असेल, तर साडेअकरा मिनिटांच्या आत ही भिंत येते. प्रतिसेकंद १० मेगाबिटच्या व्हिडिओला तीच मर्यादा सुमारे ५७ मिनिटांनी गाठते. गाणी, फोटो, पीडीएफ, टंकलिखित कागदपत्रे यांना मात्र या मर्यादेचा कधीच त्रास होत नाही, आणि पेन ड्राइव्हवर बहुतेकांचे हेच सामान असते.

दुसरी अडचण फॅट३२ ची स्वतःची नाही, ती विंडोजने घातलेली आहे. ३२ जीबीहून मोठा ड्राइव्ह लावून विंडोजची नेहमीची फॉरमॅटची (म्हणजे ड्राइव्हवर नवी फाइल सिस्टीम तयार करण्याची) खिडकी उघडली, की बहुतेक संगणकांवर यादीत फॅट३२ हा पर्यायच दिसत नाही. त्यावरून मोठ्या ड्राइव्हवर फॅट३२ करता येत नाही असा समज पसरलेला आहे, तो चुकीचा आहे. नेहमीच्या ५१२ बाइटच्या सेक्टरवर (सेक्टर म्हणजे ड्राइव्हवरचा साठवणीचा छोटा कप्पा) फॅट३२ दोन टीबीपर्यंत चालते आणि मोठ्या ड्राइव्हवर ती केलेली असेल तर विंडोज ती विनातक्रार वाचते. मॅक आणि लिनक्सवर हे बंधन नाही. मायक्रोसॉफ्टनेही २०२४ मध्ये विंडोज ११ च्या चाचणी आवृत्तीत कमांडद्वारे फॉरमॅट करतानाची मर्यादा ३२ जीबीवरून दोन टीबीपर्यंत वाढवल्याचे जाहीर केले. जुन्या विंडोजवर रुफस हे मोफत साधन हे काम करते.

फॅट३२ वर फाइल कोणी वाचावी, कोणी बदलावी याचे परवाने नसतात, आणि लिहिताना मध्येच वीज गेली किंवा ड्राइव्ह उपटला तर अर्धवट राहिलेली नोंद आपोआप सावरण्याची सोयही नसते. मुख्य तक्त्याची दुसरी प्रत ती ठेवते, एवढाच काय तो आधार.

एक्सफॅट : आजच्या बहुतेक ड्राइव्हसाठी माझी निवड

मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये आणलेली एक्सफॅट मुळात फ्लॅश मेमरी डोळ्यांसमोर ठेवूनच तयार केली गेली. फॅट३२ चा साधेपणा तिने राखला आणि ४ जीबीची भिंत काढून टाकली; घरगुती वापरात गाठता येईल अशी फाइलच्या आकाराची मर्यादा तिच्यात उरलेली नाही. २००९ मध्ये ३२ जीबीहून मोठ्या एसडी कार्डांसाठी तीच प्रमाण म्हणून स्वीकारली गेली, आणि त्यामुळे कॅमेरे व फोन यांत तिचा प्रसार झाला. मॅकवर २०१० पासून ती वाचता व लिहिता येते. लिनक्समध्ये बराच काळ वेगळे पॅकेज टाकावे लागे. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये तिचे तपशील खुले केल्यानंतर ५.४ या कर्नलपासून (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) तिला आतूनच आधार मिळाला आणि २०२० च्या ५.७ मध्ये सॅमसंगने लिहिलेला अधिक चांगला ड्रायव्हर आला. आयफोन व आयपॅडवरही आयओएस १३ पासून फाइल्स या ॲपमध्ये एक्सफॅटचा ड्राइव्ह उघडतो.

त्यामुळे यादीत विंडोज, मॅक, अलीकडचे लिनक्स, अलीकडचा टीव्ही आणि फोन एवढेच असेल, तर एक्सफॅट घ्यावी आणि पुढचा विचार थांबवावा. ६४ जीबी व त्याहून मोठे ड्राइव्ह कारखान्यातून बहुधा एक्सफॅट करूनच येतात. ते तसेच राहू द्यावेत.

तिच्या दोन उणिवा मात्र माहीत असाव्यात. पहिली म्हणजे तक्त्याची सहसा एकच प्रत असते आणि जर्नल, म्हणजे बदल करण्यापूर्वी त्याची नोंद ठेवणारी वही, नसते. कॉपी चालू असताना ड्राइव्ह ओढून काढला तर फटका बसण्याची शक्यता त्यामुळे खरी आहे. दुसरी उणीव लहान फाइलींच्या बाबतीत जाणवते. प्रत्येक फाइल सिस्टीम जागेचे ठरावीक आकाराचे तुकडे पाडते आणि फाइल कितीही छोटी असली तरी तिला निदान एक तुकडा देते. ३२ जीबीहून मोठ्या ड्राइव्हवर विंडोज एक्सफॅटसाठी १२८ केबीचा तुकडा धरते, तर एनटीएफएससाठी सहसा ४ केबीचा. आता प्रत्येकी ३ केबीच्या १०,००० फाइली अशा ड्राइव्हवर टाकल्या, तर खरा मजकूर ३० एमबीच्या आसपास असूनही एक्सफॅटवर त्या जवळपास सव्वा जीबी जागा अडवतात. एनटीएफएसवर त्याच फाइलींना साधारण ४० एमबी पुरतात. व्हिडिओ आणि फोटो ठेवणाऱ्याला या हिशेबाशी काही देणेघेणे नाही. संकेतस्थळाच्या किंवा प्रोग्रॅमच्या हजारो चिल्लर फाइलींची प्रत ठेवणाऱ्याने मात्र त्या आधी एका झिप फाइलमध्ये बांधाव्यात. जागाही वाचते आणि कॉपीही कितीतरी लवकर होते.

विदेशात राहणाऱ्या आणि सुट्टीला गावी येणाऱ्या वाचकांना आणखी एक फरक उपयोगी पडेल. फॅट३२ फाइलची वेळ स्थानिक घड्याळाप्रमाणे लिहिते, पण ते घड्याळ कोणत्या देशाचे ते लिहीत नाही. शिवाय बदलाची वेळ दोन सेकंदांच्या टप्प्यानेच नोंदवते. त्यामुळे लंडनमध्ये कॉपी केलेल्या फाइलीची वेळ पुण्यात चुकीच्या क्षणाची समजली जाते आणि आपोआप बॅकअप घेणारी साधने कधी कधी सगळ्याच फाइली बदलल्या असे समजतात. एक्सफॅटमध्ये प्रमाणवेळेपासूनचे अंतरही १५ मिनिटांच्या पटीत लिहिण्याची सोय आहे, त्यामुळे भारताचे साडेपाच तास तिच्यात नीट बसतात.

एनटीएफएस : फक्त विंडोजमध्येच फिरणाऱ्या ड्राइव्हसाठी

१९९३ पासून चालत आलेली एनटीएफएस विंडोजच्या आतल्या डिस्कवर असते आणि तिथे ती उत्तम आहे. तिच्यात जर्नल आहे, परवाने आहेत, फाइलच्या आकाराची अडचण नाही आणि लहान फाइली ती काटकसरीने ठेवते. कार्यालयातल्या विंडोज संगणकांमध्येच फिरणाऱ्या, रोज बॅकअप घेतल्या जाणाऱ्या ड्राइव्हसाठी ती योग्य आहे.

मात्र मॅक एनटीएफएस वाचतो, लिहीत नाही. लेखाच्या सुरुवातीचा तिसरा प्रसंग यातूनच घडतो. लिनक्सवर वाचणे-लिहिणे दोन्ही होते. अनेक टीव्ही ती वाचतात, पण गाड्यांच्या स्टिरिओंवर विसंबू नये. परवान्यांची सोयही पेन ड्राइव्हवर उलटू शकते: एका संगणकावर विशिष्ट वापरकर्त्यापुरती राखून ठेवलेली फाइल दुसऱ्या संगणकावर ‘परवानगी नाही’ असा संदेश दाखवते, आणि तिथल्या ॲडमिनिस्ट्रेटरला ती मोकळी करावी लागते. यावरून हेही लक्षात घ्यावे की परवाने म्हणजे कुलूप नव्हे. ड्राइव्ह हरवला तर मजकूर कोणाच्या हाती पडू नये असे वाटत असेल, तर एन्क्रिप्शनच, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येणार नाही असा मजकूर, करावे लागते. विंडोजचे बिटलॉकर टू गो फॅट३२, एक्सफॅट आणि एनटीएफएस या तिन्हींवर चालते.

जर्नलविषयी एक गैरसमज दूर करायला हवा. जर्नल नोंदवही सावरते, फाइलीतला मजकूर नाही. कॉपी अर्ध्यावर असताना ड्राइव्ह निघाला, तर एनटीएफएसवर बाकीच्या फाइली सुरक्षित राहण्याची शक्यता अधिक, पण कॉपी होत असलेली फाइल अर्धवटच राहणार.

ईएक्सटी४ आणि इतर

लिनक्सची ईएक्सटी४ पेन ड्राइव्हवर तेव्हाच करावी, जेव्हा तो लिनक्सखेरीज कशालाही लावायचा नाही आणि फाइलींचे मालक, परवाने व सिमलिंक (दुसऱ्या फाइलीकडे बोट दाखवणाऱ्या नोंदी) जसेच्या तसे जपायचे आहेत. विंडोज आणि मॅक ती स्वतःहून वाचत नाहीत. नव्याने केलेल्या ईएक्सटी४ ड्राइव्हचा सर्वांत वरचा फोल्डर बहुधा रूटच्या, म्हणजे लिनक्सच्या मुख्य व्यवस्थापक खात्याच्या, मालकीचा असतो, त्यामुळे साध्या वापरकर्त्याला आधी मालकी बदलून घ्यावी लागते; शिवाय ती ५ टक्के जागा रूटसाठी राखून ठेवते, जी ६४ जीबीच्या ड्राइव्हवर तीन जीबीच्या घरात जाते. लिनक्सच्या फाइलींचा बॅकअप हवा आहे, पण ड्राइव्ह इतरत्रही फिरवायचा आहे, अशा वेळी एक्सफॅट ठेवून फाइली टार करून (एका गठ्ठ्याच्या फाइलीत बांधून) त्यावर ठेवणे हा अधिक सोयीचा मार्ग आहे. परवाने टारच्या आत सुरक्षित राहतात.

सॅमसंगने फ्लॅश मेमरीसाठी बनवलेली एफटूएफएस २०१३ पासून लिनक्समध्ये आहे, आणि ॲपलच्या नव्या यंत्रांची एपीएफएस २०१७ पासून मॅकवर आहे. फिरत्या पेन ड्राइव्हसाठी या दोन्ही नकोत, कारण त्यांच्या घराबाहेर त्यांना कोणी ओळखत नाही.

जर्नलमुळे पेन ड्राइव्ह लवकर झिजतो म्हणून एनटीएफएस किंवा ईएक्सटी४ टाळा, असा सल्ला वारंवार दिला जातो. जास्तीचे लेखन होते हे खरे. परंतु ड्राइव्हमधला कंट्रोलर, म्हणजे नियंत्रण करणारी चिप, कोणती जागा कधी वापरायची ते स्वतः ठरवतो आणि आठवड्यातून काही वेळा फाइली नेण्या-आणण्याच्या वापरात हा फरक कोणाच्या लक्षातही येणार नाही. निवड उपकरणांच्या यादीवरूनच करावी.

मराठी नावांच्या फाइलींसाठी खास काळजी

आपल्याकडे फाइलींना देवनागरीत नावे देणारे अनेक जण आहेत, आणि फाइल सिस्टीमच्या निवडीत याचा प्रत्यक्ष संबंध येतो. फॅट३२, एक्सफॅट आणि एनटीएफएस या तिन्हींत नाव २५५ चिन्हांपर्यंत लांब असू शकते. ईएक्सटी४ मध्ये मर्यादा २५५ बाइटची आहे आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तिथे तीन बाइट घेते, म्हणून ८५ चिन्हे झाली की नाव संपते. शिवाय संगणक जोडाक्षर एक धरत नाही. काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हे असतात. ‘ज्ञानेश्वरी’ या शब्दात आपल्याला चार अक्षरे दिसतात, संगणक ११ चिन्हे मोजतो आणि ईएक्सटी४ वर त्यांचे ३३ बाइट होतात. प्रवचनाचे शीर्षक, अध्याय, ओव्यांचे क्रमांक, वक्त्याचे नाव आणि तारीख असे सगळे फाइलीच्या नावात लिहिण्याची सवय असेल, तर ही मर्यादा सहज ओलांडली जाते.

फॅट३२ मध्ये लांब नावांचा खर्च वेगळ्या ठिकाणी पडतो. तिच्या एका फोल्डरमध्ये ६५,५३६ नोंदी मावतात. लांब नावाच्या दर १३ चिन्हांना एक नोंद लागते आणि वर फाइलीची मूळ एक नोंद. म्हणजे ४० चिन्हांच्या नावाची एक फाइल पाच नोंदी खाते, आणि फोल्डर तेरा हजार फाइलींच्या आसपास भरतो. गाण्यांचा मोठा संग्रह असेल तर तो एकाच फोल्डरमध्ये न ओतता विभागून ठेवावा.

सर्वांत फसवी चूक विसर्गाची आहे. ‘स्वतः’, ‘दुःख’, ‘अंतःकरण’ असे शब्द टंकताना पुष्कळ जण विसर्गाच्या जागी कळफलकावरचा कोलन देतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. लिनक्सच्या स्वतःच्या डिस्कवर कोलन असलेले नाव चालते, पण फॅट३२ आणि एक्सफॅटमध्ये कोलन निषिद्ध आहे, म्हणून अशी फाइल ड्राइव्हवर कॉपी होताना अडते आणि कारण कळत नाही. ‘सभा १०:३०’ अशा वेळ लिहिलेल्या नावांचेही तेच होते. प्रश्नचिन्ह, तारका आणि दुहेरी अवतरणचिन्ह यांनाही तिथे बंदी आहे. नाव बदलून खरा विसर्ग दिला की फाइल लगेच कॉपी होते.

गाडीच्या स्टिरिओवर मराठी नावांऐवजी चौकोन किंवा प्रश्नचिन्हे दिसली, तर तो फाइल सिस्टीमचा दोष नाही. त्या यंत्रात देवनागरीचा फॉन्ट नसतो. अशा ड्राइव्हसाठी नावे रोमन लिपीत द्यावीत. अनेक साधे प्लेअर गाणी नावाच्या क्रमाने न वाजवता ज्या क्रमाने ती ड्राइव्हवर लिहिली गेली त्या क्रमाने वाजवतात, म्हणून काकड्यापासून शेजारतीपर्यंतचा क्रम हवा असेल तर नावापुढे ०१, ०२ असे आकडे घालावेत आणि रिकाम्या ड्राइव्हवर फाइली त्याच क्रमाने एकेक कॉपी कराव्यात.

फॉरमॅट करण्यापूर्वी

फॉरमॅट केल्यावर ड्राइव्हमधले सगळे जाते असे गृहीत धरून आधी प्रत काढावी, आणि प्रतीतल्या दोन-चार फाइली उघडून पाहाव्यात. विंडोजमध्ये ड्राइव्हवर उजवी कळ दाबून प्रॉपर्टीज उघडले की सध्याची फाइल सिस्टीम दिसते. कदाचित ती योग्यच असेल आणि काहीच करावे लागणार नाही.

६४ जीबीचा ड्राइव्ह विंडोजमध्ये ५९ जीबीच्या आसपास दिसतो, त्यात फसवणूक नाही. उत्पादक एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरतात, विंडोज १,०७,३७,४१,८२४ बाइट धरते. खरी फसवणूक वेगळी असते: फारच स्वस्तात मिळणारे काही ड्राइव्ह आत थोडीच मेमरी असताना संगणकाला मोठा आकडा सांगतात आणि खरी जागा संपल्यावर आधीच्या फाइली बिघडवू लागतात. ओळख नसलेल्या ठिकाणाहून घेतलेला ड्राइव्ह विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू किंवा लिनक्स व मॅकवर एफथ्री या साधनाने पूर्ण भरून तपासावा. मोठ्या ड्राइव्हला यात काही तास लागू शकतात, पण महत्त्वाच्या फाइली ठेवण्याआधी हा वेळ द्यावाच.

विंडोजवर फॉरमॅट

दुसरे सर्व यूएसबी ड्राइव्ह काढून ठेवावेत, म्हणजे चुकीच्या ड्राइव्हवर हात पडणार नाही. ड्राइव्हच्या चिन्हावर उजवी कळ दाबून फॉरमॅट निवडावे. फाइल सिस्टीमच्या जागी ठरवलेले नाव घ्यावे. अलोकेशन युनिट साइझ म्हणजे वर सांगितलेल्या तुकड्याचा आकार. तो डिफॉल्ट राहू द्यावा. लेबल ११ अक्षरांच्या आत आणि रोमन अक्षरांत द्यावे, कारण फॅट३२ च्या लेबलमध्ये देवनागरी नीट राहत नाही. क्विक फॉरमॅटची खूण ठेवल्यास फक्त नोंदवही नवी होते आणि जुना मजकूर खाली तसाच राहतो. ड्राइव्ह दुसऱ्याला द्यायचा असेल तर ती खूण काढावी. विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट सगळ्या जागेवर शून्ये लिहिते. फार संवेदनशील मजकूर असलेला ड्राइव्ह मात्र दुसऱ्याला देऊच नये, कारण कंट्रोलरने बाजूला ठेवलेल्या जागेपर्यंत फॉरमॅट पोहोचत नाही.

३२ जीबीहून मोठ्या ड्राइव्हवर फॅट३२ हवी असेल तर रुफस उघडून ड्राइव्ह निवडावा, बूटच्या पर्यायात ‘नॉन बूटेबल’ घ्यावे, पार्टिशनच्या पर्यायात एमबीआर (मास्टर बूट रेकॉर्ड) घ्यावे आणि फाइल सिस्टीममध्ये मोठी फॅट३२ निवडून सुरू करावे.

मॅक आणि लिनक्सवर

मॅकवर डिस्क युटिलिटी उघडून ‘व्ह्यू’ मध्ये ‘शो ऑल डिव्हायसेस’ निवडावे, कारण त्याशिवाय वरचा मूळ ड्राइव्ह दिसत नाही. तो निवडून इरेज दाबावे. येथे फॅट३२ चे नाव एमएस-डॉस फॅट असे असते. त्याखालच्या स्कीम या पर्यायाकडे दुर्लक्ष करू नये: तेथे ‘मास्टर बूट रेकॉर्ड’ निवडावे. जीपीटी पद्धतीची विभागणी कित्येक टीव्ही आणि स्टिरिओंना कळत नाही, आणि फाइल सिस्टीम बरोबर असूनही ड्राइव्ह न दिसण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे. मॅक फॅट३२ व एक्सफॅटवर टिंब आणि अधोरेषेने सुरू होणाऱ्या लपलेल्या फाइलीही टाकतो. गाडीचा स्टिरिओ त्यांना गाणी समजून अडखळतो. टर्मिनलमधील डॉट-क्लीन ही कमांड त्या आवरण्यासाठीच आहे.

लिनक्सवर डिस्क्स किंवा जीपार्टेड या साधनांत हेच काम होते. ड्राइव्हचा आकार दोनदा वाचून मगच पुढे जावे, कारण तिथे आतली डिस्कही त्याच यादीत असते.

संगणक सुरू करण्यासाठी लागणारा ड्राइव्ह

विंडोज किंवा लिनक्स बसवण्यासाठी बूट होणारा ड्राइव्ह करायचा असेल तर फाइल सिस्टीमची निवड आपल्या हाती फारशी राहत नाही. आजच्या संगणकांतले यूईएफआय, म्हणजे संगणक सुरू करणारे आतले सॉफ्टवेअर, फॅट३२ ओळखतेच ओळखते, म्हणून तीच साधी वाट. अडचण अशी की विंडोजच्या इन्स्टॉलेशनमधली मुख्य फाइल ४ जीबीहून मोठी असू शकते. रुफस ही अडचण एनटीएफएस आणि एक छोटा मदतनीस भाग वापरून सोडवते. व्हेंटॉय हे दुसरे साधन मुख्य भाग एक्सफॅट ठेवून बूटसाठी वेगळा छोटा भाग करते, आणि उरलेल्या जागेत आपल्या फाइलीही ठेवता येतात. या साधनांनी सुचवलेली मांडणी बदलू नये.

झाल्यावर तपासणी आणि रोजचा वापर

फॉरमॅट झाल्यावर एक लहान आणि एक मोठी फाइल टाकून ड्राइव्ह यादीतल्या सर्वांत जुन्या उपकरणाला लावावा. तिथे चालला तर बाकीकडे चालेलच. एक्सफॅटचा ड्राइव्ह टीव्हीला दिसला नाही आणि व्हिडिओ ४ जीबीहून मोठा असला, तर तो रूपांतर करून लहान करावा किंवा दोन भागांत तोडावा, आणि ड्राइव्ह फॅट३२ करावा. त्या टीव्हीला एनटीएफएस वाचता येत असेल, तर व्हिडिओ न तोडता ड्राइव्ह एनटीएफएस करूनही भागते.

ड्राइव्ह काढताना इजेक्ट करण्याचा आग्रह धरावा. २०१८ च्या उत्तरार्धातील विंडोज १० च्या आवृत्तीपासून यूएसबी ड्राइव्हसाठी ‘झटपट काढणे’ हे धोरण मुळातच लागू असते, तरी कॉपीची पट्टी संपली म्हणून लेखन संपलेच असे नाही. विशेषतः लिनक्सवर मजकूर बराच वेळ मेमरीत थांबलेला असू शकतो.

कधी विंडोजने ‘ड्राइव्ह तपासायचा का’ असे विचारले, तर होकार द्यावा आणि तपासणी पूर्ण होऊ द्यावी. पण ‘वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावे लागेल’ असा संदेश आला आणि आत हव्या असलेल्या फाइली असल्या, तर रद्द दाबावे. प्रथम ड्राइव्ह दुसऱ्या संगणकाला लावून पाहावा. तो मॅकचा किंवा लिनक्सचा असू शकतो आणि बिघडलेला काहीच नसेल. खरोखर नोंदवही बिघडली असेल, तर त्यावर काहीही न लिहिता टेस्टडिस्क किंवा फोटोरेक या मोफत साधनांनी फाइली शोधाव्यात आणि सापडलेल्या फाइली त्याच ड्राइव्हवर न ठेवता दुसऱ्या डिस्कवर उतरवाव्यात. फॉरमॅट त्यानंतर करावे.